लुगड्यापासून तयार मापापर्यंत

वस्त्रांचा इतिहास म्हटला की पैठण्या आणि शालू डोळ्यांपुढे येतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा प्रश्न साधा आहे. कपडा अंगावर बेतायचा, की अंग कपड्यावर? मोठ्या दुकानात बाई तयार कपडा घालून पाहते, तो बसत नाही, आणि ती खाली मान घालून म्हणते, "माझंच अंग सुटलंय." हा दोष तिच्या माथी कसा आला, ते आज पाहू.

आपल्या सातारा-सांगलीकडे कष्टकरी बाईचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वस्त्र म्हणजे नऊवारी लुगडे. नऊ वार म्हणजे २७ फूट कापड. त्याला कात्री नको, सुई नको. सडपातळ सुनेला तेच, भरल्या अंगाच्या सासूला तेच, पोटुशी बाईलाही तेच. कमीजास्त व्हायचे ते निऱ्यांत. कासोटा घातला की भाताची लावणी करावी, उसात शिरावे. चोळीला मात्र शिवण लागे. पण गुळेदगुड्डच्या खणाची चोळीही पुढे गाठ मारून घालीत, तेव्हा थोडी सवड तिथेही राही. शिंपी शिवणीच्या आत जास्तीचे कापड राखी. त्याला 'माया' म्हणतात. अंग भरले की शिवण उसवून माया सोडायची. चोळी टाकावी लागत नसे, आणि बाईला कुणी बोल लावीत नसे.

म्हणून जुने ते सारे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. लुगडे सर्वांना सारखे पुरे, पण नेसण्याची मुभा सारखी नव्हती. ब्राह्मण विधवेच्या नशिबी लाल आलवण असे. दलित स्त्रीची जात तिच्या नेसण्यावरून ओळखू येई. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्या डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना सांगितले की, वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे लुगडे नेसा, ही खूण टाकून द्या. वस्त्र कुणी कसे ल्यावे, हे दुसऱ्याने ठरवू नये, हा धडा त्यात आहे.

आता तयार कपड्याकडे वळू. शिंपी एकेकीचे माप घेतो. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापतात. तिथे एकेकीचे माप परवडत नाही, चारसहा ठरावीक मापे लागतात. ती आली कुठून? अमेरिकेत टपालाने कपडे विकणाऱ्या व्यापाऱ्यांना, न बसलेला माल परत येण्याचा भुर्दंड पडे. १९३९-४० साली तिथल्या शेती खात्याने सुमारे १५ हजार स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापे घेतली. अहवाल १९४१ साली निघाला. त्यात हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. १९५८ साली प्रमाणमाप जाहीर झाले आणि १९८३ साली सरकारने ते मागे घेतले. म्हणजे 'प्रमाण' म्हणून मिरवलेले हे माप निसर्गाने दिलेले नव्हते. व्यापाराच्या सोयीसाठी बसवलेला तो हिशेब होता, आणि तोही पंचवीस वर्षांत मोडला.

आपल्याकडच्या तयार कपड्याने बरीचशी मापे इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरून उचलली. विट्याच्या यंत्रमागांवर कापड विणणारे हात आपले, माप मात्र परक्याचे! राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मापांसाठी २५ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची मोजणी हाती घेतली, हे चांगलेच झाले. पण त्यासाठी निवडलेली सहा शहरे. त्यांत मुंबई आहे. सातारा नाही, सांगली नाही. डोक्यावर मोळी वाहून जिची मान आणि खांदे घडले, ती ऊसतोडणी करणारी बाई त्या मोजणीत कुठून येणार?

मोठ्या दुकानांतून अलीकडे 'प्लस साइझ' म्हणून निराळा विभाग दिसतो. बायकांची सोय झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण 'प्लस' म्हणजे अधिक. कशाहून अधिक, हे विचारले पाहिजे. कामगाराने आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की पगाराचा हिशेब चुकला तर आधी वही तपासावी, मजुराला चोर म्हणू नये. कपडा बसला नाही तर आधी माप तपासावे. मोजणी गावोगावच्या बाजारांत आणि फडांवर न्यावी, सर्व मापांचा माल एकाच मांडणीवर ठेवावा, आणि शिवणीत चार बोटे माया ठेवण्याची जुनी रीत कारखान्यांनीही उचलावी. एवढे मागणे फार नाही.