गंजिफा : हातांतून भिंतीवर

कोल्हापुराहून आजऱ्यावरून निघून आंबोलीचा घाट उतरलें कीं सावंतवाडी येते. तेथील चितारआळी लांकडी खेळण्यांसाठीं प्रसिद्ध. पण संग्राहक शोधतात त्या तेथल्या गंजिफा. दशावतारी गंजिफांत १२० वाटोळीं पानें असतात. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. श्रोत्यांपैकीं पत्ते खेळणारांस नवल वाटेल, परंतु पांच रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या पांचांत एक्का! दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातीं, त्याची पहिली उतारी. रात्रीं हा मान कृष्णाच्या राजाचा.

छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि हातानें रंगविलेलें पान मागें पडलें. विसाव्या शतकाच्या मध्यास हें काम जाणणारे फार थोडे उरले होते. तेव्हां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच चितारी बसवून ही कला सावरली.

गिऱ्हाईक मात्र बदललें. तळहातांत मावणारा मत्स्य आतां थाळीएवढा होऊन दिवाणखान्याच्या भिंतीवर चढतो. पेटींतलें पान पाहुण्यांना दिसत नाहीं. भिंतीवरचें दारांतूनच दिसतें. तिघांच्या डावांत एकेकाच्या वांट्यास ४० पानें येतात. तीं थाळीएवढीं असतीं तर धरणार कोण?

ह्या मोठ्या पानांनीं चितारी जगला, हें त्यांचें ऋण खरें. पण लहान पानांचा जोडही हौसेनें घेतला जातो, तो पेटींतच राहतो. उतारी रामाची कीं कृष्णाची, हा प्रश्न त्या घरांत कधीं निघतच नाहीं.