जोडीचं काम आणि एकटी बाई

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट निघाली की आमच्या जिंतूर भागात जो तो पाण्याचं सांगतो. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल विकली. खरंय ते. पण भूक सगळ्यांच्या घरी सारखी आली नव्हती. ज्याच्या कणगीत जुनी ज्वारी होती त्यानं ती पुरवून खाल्ली. सालगड्यानं काय करावं? मालकाचंच शेत पिकलं नाही, तर सालाचं धान्य कुठून मिळणार? हातावर पोट असलेली घरं आधी मोडली.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. खायला परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी. मिलोची भाकर घशाखाली उतरायची नाही, तरी खाल्ली.

मातीकाम जोडीनं चालायचं. गडी खोदायचा, बाई टोपलं वाहायची. मजुरी मोजमापावर. माझा बाप आधीच गेलेला. एकट्या मायला जोडीला कोण घेणार? म्हणून ती खडी फोडायला बसली. मी दगड गोळा करून द्यायचो. बोटांना चिंध्या बांधून ती दिवसभर हातोडी चालवायची, तरी हप्त्याला माप कमीच भरायचं. म्हणायची, "दगडाला काय ठावं लेकरा, घरात गडी नाही म्हून."

त्या काळातच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यात उभी राहिली. तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि 2005 साली देशाचा कायदा आला. काम मागणं हा हक्क झाला, ही लहान गोष्ट नव्हे. मायसारख्या बायांना मालकाच्या दारात उभं राहण्यावाचून दुसरी वाट मिळाली. पण मजुरी मापावरच राहिली, आणि माप घरातले हात बघत नाही.

आज गंगाखेड, पालमकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मिळते ती कोयत्याला. विधवा, टाकलेली बाई दिसली की मुकादम आधी विचारतो, "जोडीला कोण हाय?"

मायला कामावर पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.