परदेशी वकिलांचा मर्यादित विधिव्यवसाय

एका देशात वकिलीची अर्हता मिळविलेल्या व्यक्तीस दुसऱ्या देशात, तेथील वकील न होता, ठराविक मर्यादेत कायदेविषयक सल्ला देण्याची मुभा. सामान्यतः अशा व्यक्तीस आपल्या मूळ देशाच्या आणि आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी सल्ला देता येतो. न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय व्यापार वाढला, तसे करारमदार, भांडवल-गुंतवणूक व लवाद यांत एकाहून अधिक देशांचे कायदे गुंतू लागले. त्यातून ही व्यवस्था उदयास आली. न्यूयॉर्क राज्याने १९७४ मध्ये परदेशी विधिसल्लागारांना परवाने देण्यास प्रारंभ केला. जपानने यासंबंधी १९८६ मध्ये केलेला कायदा १९८७ पासून अंमलात आला.

भारतात या प्रश्नास वेगळी ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. मुंबईचे सर्वोच्च न्यायालय १८२३ च्या सनदेने स्थापन झाले. तेथील व १८६२ नंतर उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील वकिलीवर दीर्घकाळ इंग्रज बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. बद्रुद्दीन तय्यबजी हे १८६७ मध्ये मुंबईत वकिली सुरू करणारे पहिले भारतीय बॅरिस्टर होत. बॅरिस्टर व देशी वकील यांतील भेद कमी करण्याचा प्रयत्न १९२६ च्या कायद्याने झाला. पुढे अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये सर्व देशासाठी अधिवक्त्यांचा एकच वर्ग निर्माण करण्यात आला. त्याच्या २४ व्या कलमानुसार अधिवक्त्यास भारतीय नागरिकत्व आवश्यक आहे. मात्र जो देश भारतीयांना वकिली करू देतो, त्याच्या नागरिकास पारस्परिकतेच्या तत्त्वावर प्रवेश मिळू शकतो.

अधिनियमाचे ३३ वे कलम न्यायालयातील वकिलीविषयी आहे. २९ व्या कलमात मात्र ‘विधिव्यवसाय’ असा व्यापक शब्द आहे. न्यायालयाबाहेर सल्ला देणे, करारांचे मसुदे तयार करणे, ही कामे या शब्दात मोडतात काय, हाच पुढील वादाचा केंद्रबिंदू ठरला. उदारीकरणाच्या काळात दोन अमेरिकन व एका इंग्लिश विधिसंस्थेस, परकीय चलन विनियमन अधिनियम, १९७३ खाली, रिझर्व्ह बँकेने भारतात संपर्क कार्यालये उघडण्याची परवानगी दिली. तीस १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. १६ डिसेंबर २००९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की विधिव्यवसायात न्यायालयाबाहेरील कामेही समाविष्ट होतात. सबब दिलेली परवानगी समर्थनीय नाही.

मद्रास उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, केवळ परदेशी कायद्याविषयी सल्ला देण्यासाठी अल्पकाळ येऊन परत जाणाऱ्या वकिलांना प्रतिबंध नाही, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ रोजी विधिव्यवसायाचा व्यापक अर्थ कायम केला. प्रासंगिक भेट म्हणजे व्यवसाय नव्हे, परंतु वारंवार येणे हा व्यवसायच होय, असे त्याने स्पष्ट केले आणि नियम करण्याचा मार्ग केंद्र शासन व भारतीय विधिज्ञ परिषद यांस मोकळा ठेवला.

परिषदेने मार्च २०२३ मध्ये नियम प्रसिद्ध केले व २०२५ मध्ये त्यांत सुधारणा केल्या. पारस्परिकतेच्या अटीवर नोंदणी झालेल्या परदेशी वकिलास परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी सल्ला देता येतो आणि आंतरराष्ट्रीय लवादात भाग घेता येतो. न्यायालयात उभे राहण्यास त्यास मनाई आहे. नोंदणीविना तात्पुरते येणाऱ्यास १२ महिन्यांत एकूण ६० दिवसांची मर्यादा आहे.

या नियमांवर दोन बाजूंनी विचार मांडला जातो. मोठ्या परदेशी संस्थांच्या भांडवलापुढे लहान देशी वकिलांचा निभाव लागणार नाही, अशी एक भीती आहे. तर भारतास आंतरराष्ट्रीय लवादाचे केंद्र व्हावयाचे असल्यास ही मुभा अपरिहार्य आहे, असा प्रतिवाद केला जातो. तथापि मूलभूत आक्षेप अधिकाराचा आहे. संसदेने २४ व २९ ही कलमे बदललेली नसता, केवळ परिषदेच्या नियमांनी परदेशी वकिलांस प्रवेश देता येईल काय, या प्रश्नाच्या उत्तरावर या व्यवस्थेचे स्थैर्य अवलंबून राहील.