रूथचा राहिलेला स्वयंपाक

पुरणपोळीचा घाट घातला की आपण काय करतो? आधी डाळ शिजत टाकतो. ती शिजेपर्यंत कणीक मळून मुरायला ठेवतो. डाळीचं पाणी आमटीसाठी काढून ठेवायचं. भात शेवटी लावायचा, म्हणजे पंगत बसेल तेव्हा गरम असेल. विचारलं तर म्हणतो, "त्यात काय, सवयीनं होतं." सवय आहेच. पण असा क्रम लावायला मेंदूचा एक भाग फार लागतो, तो कपाळाच्या हाडामागे असतो. डॉक्टर त्याला फ्रंटल लोब म्हणतात. त्याचं काम डॉक्टरांच्या ध्यानात आलं, त्यात एका बाईच्या स्वयंपाकघराचा वाटा आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी खडक फोडत होते. फिनीस गेज नावाचा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू पहारीनं ठासत होता. ठिणगी पडली, आणि साडेतीन फुटांची ती पहार गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तरी माणूस वाचला. चालू लागला, बोलू लागला. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो यांनी लिहून ठेवलं की हा पूर्वीचा गेज नाही. बेत आखतो नि लगेच सोडून देतो, तोंडाला येईल ते बोलतो. मालकांनी त्याला पुन्हा मुकादम केलं नाही. पुढे हाच गेज चिली देशात काही वर्षं घोडागाडी हाकत होता. म्हणजे माणूस अगदीच कामातून गेला नव्हता. हे सांगायचं बरेच जण विसरतात.

आता रूथची गोष्ट. कॅनडातल्या माँट्रिअल शहरात वाइल्डर पेनफिल्ड हे मेंदूचे नावाजलेले सर्जन होते. रूथ त्यांची थोरली बहीण, सहा मुलांची आई. तिला झटके यायचे. मेंदूत गाठ निघाली आणि १९२८ च्या डिसेंबरात भावानंच तिचं ऑपरेशन केलं. गाठ काढताना उजव्या बाजूचा पुढचा भाग जवळजवळ सगळा काढावा लागला. कसा हात चालला असेल त्यांचा!

रूथ घरी परतली. माणसं ओळखत होती, जुनं सगळं आठवत होतं, बोलणंचालणं नीट होतं. दवाखान्यात कुणी तपासलं असतं तर म्हणाले असते, बरी आहे.

सव्वा वर्षानं भाऊ तिच्याकडे जेवायला गेला. घरची चार माणसं आणि हा एक पाहुणा, एवढाच स्वयंपाक. तयारीला अख्खा दिवस होता आणि भाऊ येणार म्हणून ती आनंदात होती. जेवायची वेळ झाली तेव्हा रूथ स्वयंपाकघरातच होती. सामान सगळं समोर. एक-दोन भांडी चुलीवर. सॅलड तयार नाही, मटणाला तर हातच लावलेला नाही. दिवसभर एकटी खपून ती गोंधळून, रडवेली होऊन उभी होती. यात ना आळस होता, ना विसर. आधी काय, नंतर काय, आणि सगळं एका वेळी तयार कसं व्हावं, ही सांगड तिला घालता येईना. बाकीच्यांनी हात लावला तसा स्वयंपाक झटकन झाला.

गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये रूथ गेली. १९३५ मध्ये पेनफिल्ड यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या लेखात बहिणीचं नाव न घेता ही हकिगत नोंदवली. एका मोठ्या सर्जनला जे कळलं, ते पाहुणा म्हणून बहिणीच्या स्वयंपाकघरात डोकावल्यावर कळलं. रोज तीन वेळा हे काम करणाऱ्या बाईला "घरीच असते" म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर ऐकवा.

पुढे १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी कपाळामागे इजा झालेल्या तीन माणसांना यादी देऊन चक्क बाजारात पाठवलं. बुद्धीच्या परीक्षेत ही माणसं पास होती. बाजाराच्या चार कामांत मात्र त्यांची गडबड उडाली.

आपल्याकडे मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागतो, कुणाला अर्धांगवायूचा झटका येतो. महिन्या-दोन महिन्यांत बाई हिंडू-फिरू लागते आणि मग सुरू होतं, "आता कामं टाळते, मुद्दाम करते." अशा वेळी डॉक्टरकडे जाताना सोबतच्या माणसानं नुसतं "चालते, बोलते, जेवते" एवढंच सांगू नये. भाजी चिरून ठेवते आणि फोडणी द्यायची राहते, कपडे भिजत घालते आणि तिथंच सोडते, पूर्वी शांत होती, आता पटकन भडकते, हेही सांगावं. आणि घरी तिला एका वेळी एकच काम सांगावं, ते झालं की दुसरं.