बंदुकीवरील ठसे : इतिहासाचे एक साधन

रायपूरच्या सदर बाजारात सराफाच्या पेढीवर जाणते गिऱ्हाईक दागिना प्रथम उलटा करून पाहते. घडण कितीही सुबक असो, विश्वास बसतो तो आतल्या बाजूच्या बारीक ठशावर. जुन्या लष्करी बंदुकांचे अभ्यासकही हेच करतात. नळी, चाप, दस्ता अशा एकेका भागावर उमटवलेली नावे, साल आणि चिन्हे ते वाचतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुकांवर, चापाच्या लोखंडी पट्टीवर, एक हृदयाकृती आढळते. तिच्या चार कप्प्यांत ‘व्ही’, ‘ई’, ‘आय’, ‘सी’ ही अक्षरे असतात. यातील ‘व्ही’ म्हणजे जुन्या वळणाचा ‘यू’. अर्थ, युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी. हे चिन्ह मुळात शस्त्रांचे नव्हेच. मालाच्या गाठींवर मालकी कळावी म्हणून कंपनी ते उमटवीत असे. गाठीवरचा शिक्का बंदुकीवर चढला, यात कंपनीचे अवघे चरित्र आले. सोबत बार्नेट, विल्सन अशा लंडनच्या बंदूककारांचे नाव आणि साल असे. १८०८ पासून मात्र हृदयाच्या जागी मुकुट धरलेला सिंह आला. व्यापारी आता राज्यकर्ता म्हणून मिरवू लागला होता.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीकडे गेले. पुढे १८ जानेवारी १८५८ रोजी रायपुरात तिसऱ्या पलटणीचा सार्जंट मेजर सिडवेल मारला गेला. त्याला मारणारा हनुमान सिंह हा ‘मॅगझिन लष्कर’, म्हणजे शस्त्रे व दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस होता. तो हाती लागला नाही; त्याच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीस फाशी देण्यात आले. बंदुकीवर कारखानदाराचे नाव असते, तपासनिसाची खूण असते. ती हाती धरणाऱ्याचे नाव नसते. ते दप्तरांतूनच शोधावे लागते.

एकाच ठशावर भिस्त ठेवणेही धोक्याचे. मोडलेली बंदूक दुसरीचे भाग घालून दुरुस्त होई. त्यामुळे नळी एका कारखान्याची, चाप दुसऱ्याचा असे सर्रास आढळते. खैबर खिंडीच्या परिसरातील कारागिरांनी तर इंग्रजी रायफलींच्या ठशांसकट नकला केल्या. हात कसबी, पण इंग्रजी अक्षरओळख बेताची. म्हणून ‘एन’ हे अक्षर कित्येकदा उलटे पडले आणि तेवढ्यावरून नक्कल ओळखता येऊ लागली. शुद्धलेखनाचा असाही उपयोग!

बंगालमधील ईशापूर येथे रायफलींचा कारखाना १९०४ मध्ये स्थापन झाला. तेथील ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीवर ब्रिटिश मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, गावाचे नाव आणि साल असे. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्याच ठिकाणी अशोकस्तंभाचे सिंह आले. जुन्या रायफली मात्र मोडीत निघाल्या नाहीत; पोलिसांच्या खांद्यावर त्या पुढेही कित्येक दशके दिसत राहिल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी ‘थ्री-नॉट-थ्री’ला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.