चण आणि प्रत

शिकागोच्या जनावरांच्या बाजाराला लागून १९०० सालापासून ‘इंटरनॅशनल’ नावाचे मोठे पशुप्रदर्शन भरत असे. त्यात पहिल्या आलेल्या गोऱ्ह्यांची जुनी छायाचित्रे मी काही वर्षांपूर्वी सालवार लावून पाहिली. मी पशुवैद्यक नाही. पण क्रम लागताच एक गोष्ट नजरेत भरली. शतकाच्या मध्यापर्यंत जनावर ठेंगणे होत जाते आणि सत्तरच्या दशकात एकदम उंच होते. चण अशी आपोआप खालीवर होत नाही. आपल्याकडे खिलार बैलाची चण पाहतात ती औतासाठी. तिथे ती कशासाठी पाहत होते, हे शोधताना मी गोमांसाच्या प्रतवारीपाशी येऊन पोहोचलो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रतवारीचे पहिले निकष १९१६ मध्ये तयार केले आणि १९२७ मध्ये सोललेल्या धडांवर ‘प्राइम’, ‘चॉइस’ असे शिक्के बसू लागले. तेव्हा तीन गोष्टी पाहत : धडाची ठेवण, अंगावरची चरबी आणि मांसाचा दर्जा. चणीचा उल्लेख त्यात नव्हता, पण तिचा परिणाम होताच. जनावराच्या अंगी आधी हाड भरते, मग मांस आणि सर्वांत शेवटी चरबी. लहान चणीच्या जनावराची वाढ लवकर पुरी होते, म्हणून ते लवकर चरबी धरते; मांसाच्या आत चरबीची बारीक जाळीही त्याच वयात दिसू लागते. मोठ्या चणीचे जनावर तेव्हा अजून हाडामांसानेच वाढत असते.

त्यामुळे आखूड पायांचा, रुंद, चौकोनी गोऱ्हा आदर्श ठरला. परीक्षकांनी त्याला नंबर दिला आणि पैदासकारांनी त्याच्यासारखेच वळू निवडले. चाळीस-पन्नासच्या दशकांत तर ही निवड टोकाला गेली. मग हेरफर्ड आणि अँगस कळपांत खुजी वासरे जन्मू लागली : फुगीर कपाळाची, घरघर श्वास घेणारी, बहुतेक अल्पायुषी. दोष आनुवंशिक होता. तो वाहणारे वळू आणि गाय दिसायला निरोगीच. पण दोघे एकत्र आले की चारांत एक वासरू खुजे होण्याचा संभव. नामांकित वंशावळींवर डाग लागेल म्हणून कित्येक जण याची वाच्यताही करत नसत. ज्या ठेंगणेपणाला बक्षीस होते, त्याचीच ही दुसरी बाजू होती.

१९६५ मध्ये प्रतवारीत दुसरे माप आले : उताऱ्याचे. बरगड्यांवरची चरबी, पाठीच्या स्नायूचे क्षेत्रफळ, आतल्या अवयवांभोवतीची चरबी आणि धडाचे वजन यांवरून एक ते पाच असे क्रमांक मिळू लागले. आता जादा चरबी म्हणजे तोटा. १९६९ मध्ये ‘इंटरनॅशनल’चे परीक्षक डॉन गुड यांनी शारोले आणि अँगस यांच्या संकरातल्या ‘कोनोको’ नावाच्या गोऱ्ह्याला सर्वोच्च मान दिला. फ्रान्स-स्वित्झर्लंडकडच्या मोठ्या चणीच्या जातींची मागणी वाढत गेली. पुठ्ठ्यापाशी उंची मोजून चणीला गुण देण्याची पद्धत रुळली. एका गुणाला साधारण दोन इंच. हळूहळू ते दोन इंचच ध्येय झाले.

नेब्रास्कातल्या क्ले सेंटर येथील संशोधन केंद्रात मात्र अनेक जातींची संकरित जनावरे तीन प्रकारे तोलली जात होती : समान वयाला, समान वजनाला आणि समान चरबीला. समान वयाला मोठ्या जातींचे मांस जास्त आणि चरबीची जाळी कमी. पण समान चरबीपर्यंत वाढवली की जाळीतला फरक बराच कमी होई. चण म्हणजे दर्जा नव्हे. जनावर किती वजनाला तयार होईल, याचा तो अंदाज. उंच जनावर त्या टप्प्यावर येईपर्यंत धड खोक्यांत भरण्यासाठी फार जड होई, आणि माळरानावरची त्याची आई वर्षभर जास्त चारा खाई. उंचीची शर्यत ओसरली ती या हिशेबाने.

१९७९ मध्ये खात्याने हा अंदाज खाद्यावर घालायच्या गोऱ्ह्यांच्या निकषांत घेतला. पाठीवर अर्धा इंच चरबी येताना जो १००० पौंडांच्या आत असेल तो लहान, १००० ते १२०० मध्ये मध्यम, त्यावर मोठा. २००० मध्ये याच सीमा ११०० आणि १२५० झाल्या. म्हणजे १०५० पौंडांना तयार होणारा जो गोऱ्हा १९७९ मध्ये मध्यम होता, तो २००० मध्ये लहान ठरला. एवढ्या काळात गोऱ्हे मोठे झाले होते, म्हणून मापही मागोमाग सरकले.

ती छायाचित्रे मी पुन्हा लावून पाहिली. प्रत्येक गोऱ्ह्याच्या बाजूला कोट-टोपी घातलेला, अभिमानाने ताठ उभा माणूस आहे. प्रत्येकाला वाटत असणार, जनावर असावे तर असे. खुज्या वासराचे चित्र मात्र त्या ओळीत एकही नाही.