फरशीवरचे नाणे आणि लाझ्झारिनीची सुई

१६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रांतून जुगाराचे हिशेब सोडवले, तेव्हा सगळे मोजून भागत होते. फाशाला सहा बाजू, त्यांतली एक हवी, म्हणजे संभाव्यता १/६. पण चौकोनी फरशीवर नाणे टाकले तर त्याचा मध्य अगणित बिंदूंपैकी कोठेही पडेल. मग मोजायचे काय?

फ्रान्समध्ये या खेळावर पैजा लागत: नाणे सांध्याला न शिवता एकाच फरशीत राहील का? बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने १७३३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे याचे उत्तर मांडले. बिंदू मोजू नयेत, क्षेत्रफळ मोजावे. फरशी १० सेंमी आणि नाण्याचा व्यास २ सेंमी असेल, तर नाण्याचा मध्य कडांपासून १ सेंमी आत, म्हणजे ८ सेंमी बाजूच्या चौरसात हवा. संभाव्यता ६४/१००. पैज बरोबरीची हवी असेल तर नाणे सुमारे २.९३ सेंमी व्यासाचे घ्यावे. अर्थात यात एक गृहीत आहे: फरशीच्या समान तुकड्यांना समान संधी. यालाच आपण आज एकसमान वितरण म्हणतो.

१७७७ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधात सुईचा प्रश्नही आहे. समांतर रेघांवर तितक्याच किंवा कमी लांबीची सुई टाकली, तर ती रेघ छेदेल का? सुईचा रेघेशी असलेला कोन ठरवून टाकला, तर संधी असते सुईची लांबी गुणिले साइन, भागिले रेघांमधील अंतर. पण कोनही ०° ते ९०° मध्ये कोठेही पडतो. तेथे साइनची सरासरी २/π येते, आणि एकही वर्तुळ न काढता π हजर!

१९०१ मध्ये लाझ्झारिनी या इटालियन गणितज्ञाने जाहीर केले, की २.५ सेंमीची सुई, ३ सेंमी अंतराच्या रेघा, ३४०८ फेकी, १८०८ छेद. यावरून π = ३५५/११३, म्हणजे सहा दशांश स्थळांपर्यंत अचूक. मुलांना हे आम्हीही कौतुकाने सांगत असू. पण गणित करून पाहावे. एक छेद जास्त झाला असता तर उत्तर ३.१३९९ आले असते. आणि इतक्या फेकींत छेदांची संख्या सहज २९-३० ने इकडेतिकडे होते! शिवाय ३४०८ म्हणजे २१३ ची १६ पट, आणि २१३ फेकींत ११३ छेद हेच प्रमाण नेमके ३५५/११३ देते. आकडा आधी ठरवून किंवा हवा तो येताच थांबून ही फेक झाली असावी, असे आम्हांला वाटते.

वर्गात काडीएवढ्याच अंतराच्या रेघा आखून हजार फेकी केल्या आणि π ३.०५ किंवा ३.२५ आला, तर वहीत तोच लिहू द्यावा. ३.१४१६ आला, तर फेकी कोठे थांबवल्या ते विचारावे.